बरी आहे, पण

माझ्या आयुष्यात मी सगळ्यांत जास्त ऋणी कोणाची, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक शांतवन वाघमारे. आईवडिलांचं ऋण वेगळं, ते मोजण्यातलं नाही. पण बाजारातल्या मापाड्याच्या मुलीला, तीही वर्गात फिट येऊन बाकावरून खाली पडणारी, नाशिकला कॉलेजात पाठवायचं ही कल्पना पाळकसाहेबांची. त्यांनी ती आधी माझ्या डोक्यात घातली, मग वडिलांच्या. आईच्या डोक्यात ती शिरेना तेव्हा ते तिला एवढंच म्हणाले, "मार्थाबाई, तुम्ही प्रार्थना करा, बाकीचं मी बघतो." इंग्रजीचं पुस्तक मोठ्यानं वाचायला त्यांनी शिकवलं. फिट हा आजार आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे आमच्या गावात पहिल्यांदा त्यांनी म्हटलं आणि एस.टी.त शेजारी बसवून मला नाशिकच्या डॉक्टरांकडे नेलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि त्या पदवीच्या कागदावर त्यांचं नाव कुठे नसलं तरी मला ते दिसतं. आणि आयुष्यात मी सगळ्यांत जास्त कोणावर चिडले असेन, तर तेही त्यांच्यावरच. उपकार आणि राग एकाच माणसाच्या वाट्याला गेले की दोन्हींपैकी एकही धड व्यक्त करता येत नाही.

गेल्या महिन्यात गावी एका लग्नाला गेले होते. मांडवात एका म्हातारीनं माझा हात धरला आणि शेजारच्या सुनेला म्हणाली, "ही बघ ती कृपा. बरी झालेली." मी साठी ओलांडली आहे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहते, आणि रोज रात्री जेवणानंतर एक गोळी घेते. ती त्या दिवशीही पर्समध्ये होती. मी म्हटलं, "मावशी, बरी आहे, पण..." तोवर पंगत बसल्याची हाक आली आणि मावशी सुनेसकट निघून गेल्या. माझं हे वाक्य कितीतरी वर्षांपासून असं अर्धवट पडून आहे. ते नेमकं कुठे तुटलं, तेवढं या प्रकरणात सांगते.

आमचं घर लासलगावच्या मार्केटपासून हाकेच्या अंतरावर. सकाळ व्हायची ती ट्रॅक्टरच्या आवाजानं. रात्रभर रांगेत उभे राहिलेले ट्रॅक्टर एकदम सुरू व्हायचे, मग हॉर्न, मग लिलावाची ओरड, आणि त्या ओरडण्यावरून वडील चहा पिता पिता सांगायचे की आज भाव चढा आहे की पडलेला. वडील वजनकाट्यावर उभे राहायचे आणि आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. मोठा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, सडका वेगळा. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या पदराला, केसांना, तिनं हात लावलेल्या तांब्याला तोच वास. माझ्या वह्यांनाही होता. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात शेजारी बसलेली मुलगी वही उघडून म्हणाली होती, "अगं, तुझ्या वहीत कोणी भजी तळली का?" रविवारी मात्र आई शिकेकाईनं न्हायची, पावडर लावायची, आणि आम्ही देवळात जायचो. आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू. कौलारू होतं, पुढे कडुनिंब आणि त्याच्या फांदीला घंटा. उपासनेनंतर घरी सुक्या बोंबलाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी, आणि ताटावर बसल्यावर वडिलांची प्रार्थना. जेवण साधं असलं की वडील सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन सावकाश उपकार मानायचे. मटण असलं की, "प्रभू, तू दिलंस, आम्ही खातो, आमेन." आई डोळे मिटूनच त्यांना कोपरानं ढोसायची.

नववीत मला पहिली फिट आली. आमच्याकडे तिला आकडी म्हणत, आणि आकडी आलेल्या माणसाला कांदा फोडून हुंगवायचा ही समजूत सगळीकडेच आहे, पण आमच्या गावाइतकी तिची सोय दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. मी पडले की चारी बाजूंनी लोक कांदे घेऊन धावायचे. ज्याला त्याला घाई. शुद्धीवर आले की डोळ्यांत झोंबतंय, नाकाला रस लागलाय, आणि वर गोल करून उभे असलेले चेहरे एकमेकांना सांगताहेत की माझ्याच कांद्यानं जागी झाली. वडील लोकांसमोर हसायचे, "आपल्या गावात औषधाला काय तोटा!" आणि घरी आल्यावर ओल्या फडक्यानं माझं नाक पुन्हा पुन्हा पुसायचे. कांद्यानं काही होत नाही, फिट आपली आपण थांबते, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी एक पांढरी गोळी दिली आणि म्हणाले, "ही तुला मिठासारखी. रोज लागणार. बरं वाटायला लागलं की लोक बंद करतात, आणि मग पुन्हा माझ्याकडे येतात, तेही डोकं फोडून." परतीच्या एस.टी.त पाळकसाहेबांनी हे माझ्याकडून वदवून घेतलं. "काय म्हणाले डॉक्टर? पुन्हा सांग." मी सांगितलं. "आणि बरं वाटलं तर?" "तरी घ्यायची." "शाब्बास." हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. औषधाच्या विरुद्ध असणारे पाळक मी नंतर पाहिले. आमचे तसे नव्हते, आणि म्हणूनच पुढचं सगळं मला जास्त लागलं.

गोळीनं फिट थांबली. दहावी झाली, बारावी झाली, मी नाशिकला मुलींच्या होस्टेलवर राहायला गेले. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले आणि त्याच रविवारी देवळात गेले. उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत. माझी पाळी आली. मी म्हटलं, "सलाम, पाळकसाहेब." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"कशी आहेस, बाळ?"

"बरी आहे."

बस्स. एवढंच. कोणीही विचारलं तर मराठी माणूस दुसरं काय म्हणतो? ताप असो, घरात भांडण असो, बरं आहे. पण आजारातून उठलेल्या माणसालाही आपण बरा झाला असंच म्हणतो. मी आयुष्यभर मराठी शिकवली. व्याकरणानं छळलं नाही इतकं मला या दोन अक्षरांनी छळलं आहे. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी कितीतरी वर्षं प्रार्थना केली होती आणि त्यांच्या कानांना एकच गोष्ट ऐकायची होती. त्यांचे डोळे भरून आले. "बरी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, बरी आहे. गोळ्या चालूच..." तोवर ते वळले होते. पायरीवर चढून म्हणाले, "मंडळी, थांबा! चपला घालू नका. देवानं आपलं ऐकलं. आपली कृपा बरी झाली!"

मग काय विचारता. बायका रडायला लागल्या. आई तर खालीच बसली. कोणीतरी जाऊन घंटा वाजवली. आमच्याकडे अवेळी घंटा वाजली की कोणीतरी गेलं असा अर्थ, त्यामुळे रस्त्यापलीकडचा चहावाला धावत आला आणि हळूच विचारू लागला, "कोण गेलं?" त्याला कोणी उत्तर देईना. मी त्याला सांगायला लागले की कोणी गेलेलं नाही, तर एका काकूंनी मला छातीशी घट्ट धरलं आणि माझं तोंड त्यांच्या पदरात गेलं. त्या पदरालाही कांद्याचा वास होता.

संध्याकाळी जेवणं झाली. मी पाण्याचा पेला भरला आणि कोनाड्यातली पट्टी शोधू लागले. गोळ्या तिथे नव्हत्या.

"आई, माझ्या गोळ्या?"

"ठेवल्यात."

"कुठे?"

"आता काय करायच्यात तुला?"

"अगं, डॉक्टरांनी रोज सांगितल्यात."

"डाक्टरनं सांगितलं तवा तू आजारी होती."

"मी अजून..."

"अजून काय? देवळात काय बोलली तू? बरी हाय बोलली का नाय?"

"बोलले, पण ते तसं नाही. कोणी विचारलं की म्हणतो ना आपण, बरं आहे. काल तुझा गुडघा दुखत होता तरी शेवंतामावशीला बरं हाय म्हणालीस ना तू?"

"शेवंता काय पाळक हाय का?" आई म्हणाली. "पाळकासमोर, देवाच्या दारात बोलली तू. आन् घरी येऊन गोळी गिळायची? देवानं दिलं ते घ्यायचं, आन् वर म्हणायचं, थांब बाबा, गोळी पण असू दे. त्याला काय वाटंल? का तू तिथं खोटं बोलली?"

बरी झाले म्हणावं तर गोळी नाही. झाले नाही म्हणावं तर देवळात खोटं बोलले. आईला मी दोष देत नाही. माझ्यासाठी तिनं शुक्रवारचे उपास धरले होते, खळ्यावर उन्हात बसून, पाण्याच्या घोटावर. त्या उपासांना फळ आलं असं पाळकानं पायरीवर उभं राहून सांगितलं, आणि ती मुलगी घरी येऊन शब्दांचा कीस पाडत बसली. तिला राग येणारच. पण माझ्या डोक्यात फक्त डॉक्टरांचं वाक्य फिरत होतं, डोकं फोडून येतात ते. ती गोळी गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नव्हती आणि सुट्टी अजून बरीच बाकी होती.

मी वडिलांकडे गेले. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. "पाळकसाहेबांनी काटा थांबायच्या आत वजन पुकारलं," ते म्हणाले.

"मग सांगा ना त्यांना तुम्ही."

"मी? मापाड्यानं पाळकाला सांगायचं?"

"मग आईला सांगा."

"ते त्याहून अवघड हाय," ते म्हणाले आणि सुपारीची चिमूट माझ्या तळहातावर ठेवली, जणू तीच माझी गोळी.

मीच पाळकसाहेबांकडे गेले. त्यांच्या पत्नीनं, आम्हा सगळ्यांच्या बाईंनी, चहा आणि नानकटाई पुढे ठेवली. मी रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते आणि ती मी सगळी म्हटली: फिट येत नाही ती गोळीमुळे, आईनं गोळ्या लपवल्या आहेत, आणि बरी आहे म्हणजे बरी झाले असं मला म्हणायचं नव्हतं. पाळकसाहेब मान हलवत, हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते. शाळेतल्या पोरानं पाठ केलेली कविता म्हणावी आणि मास्तरांनी ऐकावी, तसे.

"शंका येतात, बाळ," ते म्हणाले. "आशीर्वादानंतरच जास्त येतात."

"ही शंका नाही, पाळकसाहेब. मला माहीत आहे."

"तू नम्र आहेस. लहानपणापासून तशीच आहेस."

"मी नम्र नाही हो!" मी जरा जोरातच म्हटलं. बाई आतून डोकावल्या. पाळकसाहेबांना त्यातही नम्रताच दिसली. म्हणाले, "गोळी बंद कर असं मी म्हटलेलं नाही. ते तू तुझ्या विश्वासानं ठरव. याच आठवड्यात नाशिक रोडला उज्जीवन सभा आहे. तिथे साक्ष दे. एकदा उभी राहून सांगितलंस की मन शांत होतं."

उज्जीवन सभा म्हणजे विश्वासाला नवी जाग आणणारा मोठा मेळावा, आणि साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगणं. आमच्या लोकांत त्याला मोठा मान. मी विचारलं, "साक्ष म्हणजे आपण स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं ना?"

"अगदी तेवढंच."

"मग मी देते," मी म्हटलं. मला वाटलं, वाट सापडली. माइकवर, सगळ्यांसमोर, अख्खं वाक्य. आईही समोर बसलेली असेल. त्यानंतर गोळी लपवायला कोणाला कारण उरणार नाही.

सभा नोटा छापणाऱ्या प्रेसच्या कॉलनीजवळच्या मैदानात होती. मोठा मांडव, ताडपत्र्या, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मागून अधूनमधून रेल्वेची शिट्टी. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते, त्यांचा आवाज इतका मोठा की माइकची गरज नव्हती, तरी ते माइक ओठांना लावूनच बोलत. माझ्या आधी एका रेल्वेतल्या काकांनी दारू सुटल्याची साक्ष दिली. मग माझं नाव पुकारलं गेलं. गोळी सुटून आठवडा होत आला होता आणि सकाळपासून माझं डोकं जड होतं, डोळ्यांपुढे मध्येच काजवे चमकत होते. ही खूण मला ओळखीची होती. म्हणूनही मी वाक्य लहान ठेवलं होतं. मी माइक हातात घेतला.

"माझं नाव कृपा. मी लासलगावची. मला फिट यायची. आज मी बरी आहे, पण..."

"हालेलुया!" उपदेशक ओरडले. "हालेलुया!" मांडव ओरडला. ढोलकीवाला याच क्षणाची वाट बघत होता की काय, त्यानं थाप मारली, हार्मोनियम सुरू झालं आणि सगळे उभे राहून टाळ्यांवर गाणं म्हणू लागले. माझ्या हातातला माइक कोणीतरी हळूच काढून घेतला, गाणाऱ्यासाठी. मला वाटलं गाणं संपलं की बोलू. गाण्याला कडवी पुष्कळ होती. शेवटचं कडवं दोनदा झालं. मग उपदेशकांनी तिथूनच प्रार्थनेला सुरुवात केली, आणि सगळ्यांनी डोळे मिटलेले असताना मी एकटी उघड्या डोळ्यांनी मंचावर उभी होते. माझा 'पण' माझ्याच तोंडात राहिला होता. मी मनात प्रार्थना केली ती अशी: प्रभू, इथे मला कोणीच कोणाचं वाक्य पुरं ऐकताना दिसत नाही, तुला तरी माझं ऐकू येतंय का? इतक्या रागानं मी त्याच्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते. आज मला वाटतं, माझी पहिली खरी प्रार्थना तीच.

सभा सुटल्यावर बायकांनी मला घेरलं. कोणी डोक्यावरून हात फिरवला, कोणी माझा हात स्वतःच्या दुखऱ्या खांद्यावर ठेवला. त्यांतून एक तरुण बाई पुढे आली. कडेवर मुलगी, बरीच मोठी, कडेवर घेण्याच्या वयाची नव्हे. बाई म्हणाली, तिचा नवरा प्रेसमध्ये आहे, मुलीला फिट येते, सिव्हिलचं औषध चालू आहे. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "ताई, तुमची गोळी कधी बंद केली? हिची पण करू का आता?"

मुलीच्या कपाळावर टाक्यांची जुनी खूण होती. ती माझ्या वेणीच्या रिबिनीशी खेळत होती.

"नका करू!" मी म्हटलं. "अजिबात नका करू. मलाही रोज लागते."

ती गोंधळली. "पण तुम्ही तर बऱ्या झालात ना?"

"नाही. म्हणजे बरी आहे, पण गोळीनं..."

"तुम्ही आत्ता वर बोललात ना ताई?" तिच्या डोळ्यांत आता संशय आला. आपण चमत्कार मागायला आलो आणि ही पोरगी तो स्वतःपुरता ठेवून घेते आहे, असा. तेवढ्यात मागच्या बाईनं तिला बाजूला सारलं, आमच्या गावच्या टेम्पोचा हॉर्न वाजला, आई मला ओढत घेऊन गेली. मी तिचं नाव विचारलं नव्हतं. टेम्पोत आई सगळ्यांना सांगत होती, "पोरगी बोलायला उभी राहिली आन् देवाचा आत्मा उतरला बघा." मी मागे फळीला टेकून बसले होते. स्वतःचं डोकं फुटण्याची भीती मला आठवडाभर होती. आता तिच्या जागी दुसऱ्याच कपाळाची भीती आली, आणि ही भीती जास्त जड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईचा डबा द्यायला खळ्यावर गेले आणि तिथेच पडले. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की डोळे झोंबत होते, नाकाला कांद्याचा ओला रस होता, आणि कांदा आईच्या हातात होता. भुवईवर चांगली खोक पडली होती. भोवती उभ्या बायकांपैकी एक म्हणाली, "काल साक्ष दिली ना, सैतानाला सहन झालं नाय." दुसरी म्हणाली, "हां, असंच असतं." फिट आली नाही तरी चमत्कार, आणि आली तरी चमत्काराचाच पुरावा! मला हसू आलं आणि जीभ चावली गेलेली असल्यामुळे धड हसताही येईना.

घरी आणून आईनं मला गोधडीवर निजवलं, हळद दाबली, आणि मग पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून गोळ्यांची पट्टी बाहेर काढली. पदरानं पुसली. पेला भरला. म्हणाली, "घे." मी गोळी तोंडात टाकणार तोच ती म्हणाली, "थांब." आणि डोळे मिटून, जेवणाआधी वडील मानायचे तसे, तिनं त्या गोळीसाठी उपकार मानले. फार हळू आवाजात. गोळीसाठी एवढं भांडून शेवटी असं काही मिळेल हे मला वाटलं नव्हतं. पण डोळे उघडल्यावर ती म्हणाली, "रोज घे. फक्त बाहेर कोणाला सांगू नको. पाळकसाहेबांचं नाव खाली जाईल." म्हणजे मला गोळी मिळाली आणि वाक्य पुन्हा पिठाच्या डब्यात गेलं.

मी ऐकलं नाही. तोंडानं बोलायला गेले तर मध्ये कोणीतरी रडतं, गातं, मिठी मारतं. पत्राच्या दोन ओळींमध्ये ढोलकी वाजवता येत नाही. मी गोधडीवर पालथी पडून पत्र लिहिलं. पाळकसाहेबांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर होतं, तरी पत्र लिहिलं. वडील दुपारच्या लिलावासाठी मार्केटला निघाले होते. मी घडी केलेला कागद पुढे केला. ते म्हणाले, "मी त्यांना सांगणार काही नाय. पण नेऊन देतो." आणि टोपी नीट करून घेऊन गेले.

पत्र वाचल्यावर पाळकसाहेब ताटावरून उठले आणि मिळेल त्या गाडीनं नाशिक रोडला गेले, हे पाळकसाहेबांच्या बाईंनी मला खूप वर्षांनी सांगितलं. कॉलनीत दारोदार विचारत त्यांनी ती बाई शोधून काढली. मुलीचं औषध चालू होतं. मला हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. पुढे माझी फी, पुस्तकं, पहिली नोकरी, सगळ्यांत ते पूर्वीसारखेच धावून आले, लग्नही त्यांनीच लावलं. पण देवळाच्या त्या पायरीवर उभं राहून, "मंडळी, थांबा," असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. चूक दुरुस्त करायला तरी ते तसं म्हणतील, म्हणून मी वाट पाहिली. मी गावी असले की दर रविवारी दारात त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि कशी आहेस हे विचारायचं मात्र सोडून दिलं. ते प्रभूकडे गेल्यावर त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ठेवलेलं पत्र बाईंनी मला परत दिलं. घडीवर जिथे तिथे विरलं आहे, पण वाचता येतं.

*

पाळकसाहेब यांस कृपाचा सलाम.

पण मी रोज गोळी घेते. मैदानात माझं वाक्य जिथे थांबलं तिथून पुढे लिहिते आहे. मी बरी आहे, पण मी रोज गोळी घेते, आणि आठवडाभर घेतली नाही म्हणून आज खळ्यावर पडले. भुवई फुटली आहे. काळजीचं कारण नाही.

माझ्याआधी एक काम आहे. सभेत एक बाई आली होती, नवरा प्रेसमध्ये, मुलीला फिट येते, कपाळावर टाक्यांची खूण. ती मुलीचं औषध बंद करायचं म्हणत होती, माझं ऐकून. मी नको म्हटलं, तिला पटलं नाही. तुमचं पटेल. मला तिचं नाव माहीत नाही. कृपा करून तिला शोधा. माझं बाकीचं पत्र परत आल्यावर वाचलंत तरी चालेल.

देवानं माझ्यासाठी काही केलं नाही असं मी म्हणत नाही. त्यानं मला डॉक्टर दिले, आणि डॉक्टरांपर्यंत नेणारे पाळक दिले, ते तुम्ही. एस.टी.त तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलं होतं की बरं वाटलं तरी घ्यायची. ते तुम्ही विसरलात, याचा मला फार राग आला आहे. तुमच्यावर रागावणं मला शोभत नाही हे मला समजतं. तरी आला आहे, आणि तुम्हीच खरं बोलायला शिकवलंत म्हणून लिहिते.

आज आईनं गोळीसाठी उपकार मानले. भाकरीसाठी मानतो, तसे. मला वाटतं माझी साक्ष ही एवढीच आहे. लहान आहे, तिच्यावर गाणं म्हणता येणार नाही. पण मी पाहिलेली आहे.

तुम्ही रोगी लोकांच्या ज्या गोष्टी आम्हाला शिकवल्यात, त्यांत प्रभू आधी विचारतो, तुला काय हवं? आणि मग थांबतो. तो माणूस स्वतः सांगेपर्यंत थांबतो.

मी रविवारी येईन. तुम्ही दारात मला पुन्हा विचारा, कशी आहेस. मी म्हणेन, बरी आहे, पण. तेव्हा वळू नका. माझं वाक्य संपेपर्यंत माझा हात सोडू नका.

आपली,
कृपा